परीक्षेने मिळणारी सनद

(पुणे शहरातील एका बुद्ध विहारात पालक व विद्यार्थी ह्यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गावच्या चावडीतील जुनी व्यवस्था आपल्या वडीलधाऱ्या माणसांना ऐकून ठाऊक आहे. कुलकर्णी दप्तर लिहीत असे, आणि वसुलाची रक्कम घेऊन तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पायी चालत जाणारा महार असे. सरकारचा पैसा सुखरूप पोचवील इतका विश्वास त्याच्यावर होता. परंतु थैलीत किती रुपये आहेत हे लिहिण्याचा, लिहिलेले वाचून पाहण्याचा आणि त्याखाली सही करण्याचा अधिकार त्याला नव्हता. ह्याच पुणे शहरात महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८६९ साली 'ब्राह्मणांचे कसब' लिहून कुलकर्ण्याच्या लेखणीने अडाणी रयतेची नागवण कशी होते हे उघड केले.

ती व्यवस्था कायद्याने संपली. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली आणि महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. वतने गेली, परंतु हिशेब गेले नाहीत. पूर्वी गावाचा हिशेब होता. आज कंपनीचा, बँकेचा, पतसंस्थेचा आणि प्राप्तिकराचा हिशेब आहे. तो तपासून 'हा खरा आहे' असे लिहून देणाऱ्या माणसाच्या सहीवर आज लाखो रुपयांचे व्यवहार चालतात. ही सही आपल्या घरांत यावी ह्यासाठी काय करावे लागते, एवढ्या एकाच विषयावर मी आज आपणांशी बोलणार आहे.

बाबासाहेब आणि हिशेबाची विद्या

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. परंतु ते प्रथम अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते ह्याचा आपणांस विसर पडतो. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्यांनी एम. ए. साठी जो प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व वित्तव्यवस्थेवर होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी जमाखर्चाचे आकडे ओळीने वाचल्यावाचून ह्यांपैकी एकही ग्रंथ लिहून होण्यासारखा नव्हता.

१९१७ साली परदेशाहून परत आल्यावर बडोद्याची नोकरी अस्पृश्यतेच्या छळामुळे त्यांना सोडावी लागली. मुंबईस येऊन त्यांनी शेअर्स व गुंतवणूक ह्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला घेणारी माणसे येऊ लागली. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे असे कळताच ती येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. ज्याच्या तोडीचा अर्थशास्त्रज्ञ शोधून सापडला नसता, त्याच्या दारातून गिऱ्हाईक माघारी फिरले!

ह्या घटनेकडे मी वकिलाच्या दृष्टीने पाहतो. बाबासाहेबांपाशी विद्या होती. मात्र सल्ला घेणे ही गिऱ्हाइकाच्या मर्जीची बाब होती. हिशेबतपासणीचे तसे नाही. आज कंपनीला आपले हिशेब तपासून घ्यावेच लागतात, आणि कंपनी कायद्याप्रमाणे ते काम चार्टर्ड अकौंटंटवाचून दुसऱ्या कोणास करता येत नाही. म्हणजे येथे मर्जीच्या जागी कायद्याची सक्ती आलेली आहे. अमुक एका चार्टर्ड अकौंटंटकडे जावे की तमुक एकाकडे, ही निवड अजूनही गिऱ्हाइकाचीच आहे, आणि त्या निवडीत जात डोकावत नाही असे मी म्हणणार नाही. तथापि जातीला मोकळे रान होते तेथे आता कुंपण पडले आहे, हा फरक लहान नव्हे.

पुढे १९२५ ते १९२८ ह्या काळात बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या मुलांना कायद्याचा पाठ देणारा हा शिक्षक त्याच वर्षांत महाडच्या चवदार तळ्याचा संग्राम लढत होता, हे ध्यानात ठेवा. आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५३ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. समाजाला केवळ कारकून हवे असते तर त्यासाठी वाणिज्य महाविद्यालय काढण्याचे प्रयोजन नव्हते.

सनद म्हणजे काय

चार्टर्ड अकौंटंटला मराठीत सनदी लेखापाल म्हणतात. सनद हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. वतनाची सनद असे. ती बापाकडून मुलाकडे जाई. वकिलाचीही सनद असते. ती परीक्षेने मिळते व गैरवर्तनाने जाते. लेखापालाची सनद ह्या दुसऱ्या प्रकारची आहे.

पूर्वी हा व्यवसाय सरकारी परवान्यावर चाले. मुंबईत १९१८ साली सरकारी लेखापदविका सुरू झाली, आणि १९३२ च्या नियमांनी रजिस्टर्ड अकौंटंट हा वर्ग निर्माण झाला. स्वातंत्र्यानंतर चार्टर्ड अकौंटंट्स अधिनियम, १९४९ हा कायदा झाला आणि १ जुलै १९४९ रोजी ह्या व्यवसायाची राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली. आरंभी जिचे सभासद दोन हजारांच्या आत होते त्या संस्थेच्या सभासदांची संख्या आज चार लाखांहून अधिक आहे. त्याच वर्षी, ३० मे १९४९ रोजी, घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी देशाचा हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे मत मांडले होते. हिशेब तपासणाऱ्याच्या सहीचे मोल त्यांनी असे जाणले होते.

त्या १९४९ च्या कायद्याचे आठवे कलम आपण अवश्य वाचावे. नोंदवहीत कोणाचे नाव येऊ शकत नाही ह्याची यादी त्यात आहे. एकवीस वर्षांखालील व्यक्ती, न्यायालयाने वेडा ठरविलेला, नादार ठरून त्यातून न सुटलेला, नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, गैरवर्तनासाठी काढून टाकलेला, अशी ती यादी आहे. तीत जात नाही, धर्म नाही, बापाचा धंदा नाही, आडनाव नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे जन्मावरून अपात्र ठरविले गेले त्या समाजाने ही यादी पाठ करून ठेवावी अशी आहे.

आणि अन्यायाची अट आडवी आली तर काय करावे, ह्याचाही दाखला आहे. मद्रासच्या आर. शिवभोगम् ह्या भारतातील पहिल्या महिला लेखापाल. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९३३ साली त्या लेखापरीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु तुरुंगात गेलेल्या व्यक्तीला नोंदणी नाकारणारा नियम त्यांच्या आड आला. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, त्या जिंकल्या आणि १९३७ साली त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. पदवी मिळविणे हे अर्धे काम आहे. तिच्या जोरावर उभे राहण्याचा हक्क मागणे हे उरलेले अर्धे.

मार्ग कसा आहे

आता व्यवहाराचे बोलू. २०२३ साली लागू झालेल्या योजनेप्रमाणे ह्या मार्गावर तीन परीक्षा आहेत: फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. दहावीनंतर फाउंडेशनसाठी नाव नोंदविता येते, परीक्षा मात्र बारावीनंतर देता येते. तिचे विषय चार: लेखाशास्त्र, व्यापारी कायदे, गणित-तर्क-सांख्यिकी आणि अर्थशास्त्र. प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण मिळाले तरच विद्यार्थी उत्तीर्ण होतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास ५५ टक्के गुण असल्यास, आणि अन्य शाखेच्या पदवीधरास ६० टक्के असल्यास, फाउंडेशन न देता इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो.

इंटरमीजिएट व फायनल ह्या दोन्ही परीक्षांचे प्रत्येकी सहा विषय असून ते दोन गटांत विभागलेले आहेत. इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षे एखाद्या चार्टर्ड अकौंटंटच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकावे लागते. हिलाच आर्टिकलशिप म्हणतात. कागदावर हा मार्ग बारावीनंतर सुमारे चार वर्षांचा आहे. परंतु पहिल्याच प्रयत्नात सर्व परीक्षा उत्तीर्ण होणारे थोडे असतात. एखाददुसरा प्रयत्न वाया जातो असे धरून पाच-सहा वर्षांची तयारी ठेवावी. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नका, बिबवेवाडीस संस्थेच्या पुणे शाखेची इमारत आहे, तेथे जाऊन चौकशी करा.

ह्या परीक्षेत राखीव जागा आहेत काय, असे मला पुष्कळ पालक विचारतात. उत्तर असे की येथे जागाच मोजलेल्या नाहीत. जितके उत्तीर्ण होतील तितके सभासद होतात. म्हणून 'आमची जागा दुसऱ्याने घेतली' असे येथे कोणी कोणाला म्हणू शकत नाही, आणि 'सवलतीने पास झाला' असा टोमणाही कोणाला मारता येत नाही. ज्यांना आपल्या मुलांच्या गुणवत्तेवर अविश्वास दाखविण्याची सवय जडली आहे त्यांच्यापुढे ठेवण्यास ह्याहून चोख उत्तर नाही.

दुसरी अडचण भाषेची. ह्या परीक्षांची उत्तरे इंग्रजीत अथवा हिंदीत लिहिता येतात. मराठीची सोय नाही. महापालिकेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाला येथे पहिली ठेच लागते. माझे सांगणे असे की विषय आधी मराठीतून पक्का करावा. जमा आणि नावे, रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ह्या गोष्टी ज्याला मायबोलीत समजल्या त्याला त्यांची इंग्रजी नावे शिकण्यास फार दिवस लागत नाहीत. अकरावी-बारावीचे पुस्तपालन व लेखाकर्म हे पुस्तक नीट सोडवावे, आणि त्याच दोन वर्षांत रोज एक पान इंग्रजी वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय लावावी.

अवघड दार

आता मी त्या जागेकडे येतो जेथे आपली मुले अडतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आडनाव दिसत नाही. आर्टिकलशिपसाठी भेटायला गेले की ते विचारले जाते. ही जागा मिळणे बव्हंशी ओळखीवर चालते. काका, मामा, वडिलांचे स्नेही ह्यांच्यापैकी कोणी तरी ह्या व्यवसायात असते आणि मुलाची सोय लागते. येरवडा, दापोडी, खडकी, ताडीवाला रस्ता येथील वस्तीतून पहिल्याने ह्या मार्गाला लागलेल्या मुलाला असा काका-मामा कोठून असणार? तो दहा कचेऱ्यांचे जिने चढतो आणि 'कळवितो' एवढे ऐकून उतरतो. येथे त्याचा धीर सुटतो.

अशा वेळी दोन गोष्टी त्याला ठाऊक असल्या पाहिजेत. पहिली ही की १९८८ च्या विनियमांप्रमाणे आर्टिकलशिप देण्यासाठी उमेदवाराकडून प्रीमियम, ठेव अथवा कर्ज अशा कोणत्याही रूपाने पैसे घेण्यास मनाई आहे. उलट त्यालाच दरमहा ठरलेले किमान विद्यावेतन द्यावे लागते. 'जागा देतो, इतके भरा' असे कोणी म्हटले तर ती कृपा नव्हे, नियमभंग होय. दुसरी गोष्ट, ह्या शिक्षणाचा रीतसर करार होऊन त्याची संस्थेकडे नोंद व्हावी लागते. तोंडी शब्दावर महिनोन्‌महिने काम करू नये.

परंतु केवळ नियम सांगून दार उघडत नाही. त्यासाठी आपणच एकमेकांचे काका-मामा झाले पाहिजे. आपल्यातील जे लेखापाल झाले आहेत, जे बँकांत अधिकारी आहेत, जे वकील म्हणून रोज लेखापालांबरोबर काम करतात, त्यांनी दरवर्षी निदान एका उमेदवाराला हाताला धरून कचेरीत नेले पाहिजे. ह्यात भीक नाही आणि मेहेरबानीही नाही. इतर समाज हेच पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. आपण उशिरा सुरुवात करीत आहोत इतकेच.

घरच्यांना दोन शब्द

पालकांनो, ह्या मार्गावर मूल परीक्षेमुळे हरते त्यापेक्षा घरच्या घाईमुळे अधिक हरते. शेजारचा मुलगा विसाव्या वर्षी पगार आणू लागतो. आपला मुलगा तेविसाव्या वर्षीही पुस्तकात डोके घालून बसलेला असतो, आणि त्यातच एक निकाल नापासाचा येतो. मग घरात बोलणे सुरू होते. बाप म्हणतो, पुरे झाले, कोठे तरी चिकट. त्या एका वाक्याने तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाते. एका प्रयत्नात नापास होणे हा ह्या परीक्षेतील नेहमीचा प्रकार आहे. शिवाय न जमलेल्या गटातही एखाद्या विषयात ६० गुण मिळाले तर पुढील तीन प्रयत्नांपर्यंत त्या विषयातून सूट मिळू शकते, म्हणजे केलेले सर्वच वाया जात नाही. निकाल लागला की आधी गुणपत्रिका वाचा, मग बोला.

मुलींच्या बाबतीत ही घाई दुप्पट असते. इंटरमीजिएट झालेल्या मुलीचे लग्न ठरवून 'सासरी जाऊन शिकेल' असे म्हणणे म्हणजे तिचे शिक्षण बंद करणेच होय. दोन वर्षांची आर्टिकलशिप पूर्ण होऊन सही हाती येईपर्यंत थांबा. त्या सहीने ती माहेरी व सासरी दोन्हीकडे ताठ मानेने वावरेल.

पैशाचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारीत नाही. परंतु जे हक्काचे आहे ते आपण मागतो काय? धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या सवलतींपासून दूर ठेवण्यात आले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या सवलती दिल्या, आणि केंद्राचा कायदा १९९० साली दुरुस्त झाला. चौतीस वर्षे लढून मिळालेला हा हक्क केवळ दाखला वेळेवर न काढल्यामुळे गमावू नका. लेखापरीक्षेबरोबर बी. कॉम. करणाऱ्या मुलाने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करावा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या बाहेरगावच्या मुलाने स्वाधार योजनेची चौकशी करावी. लेखापाल संस्थेच्याही शिष्यवृत्त्या असतात. 'बार्टी' ही बाबासाहेबांच्या नावाची संस्था पुण्यातच, क्वीन्स गार्डनजवळ आहे. तेथेही जाऊन विचारावे.

ज्याला हा लांबचा मार्ग झेपणार नाही त्याने लेखणी खाली ठेवावी असे नाही. सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही परीक्षा पदवीधराला मराठीतून देता येते. तिचे सहा विषय आहेत. ती उत्तीर्ण झालेल्यास पुढे लागणारा अनुभव मिळाल्यावर सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीचे काम करता येते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालील गृहसंस्था व पतसंस्था गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. नोकरी सांभाळूनही ही परीक्षा देणारे पुष्कळ आहेत.

सहीची जबाबदारी

शेवटी धम्माच्या दृष्टीने एक गोष्ट सांगतो. भगवान बुद्धांनी कोलिय कुळातील दीघजाणू ह्या गृहस्थाला संसारातील सुखाचे मार्ग सांगताना आवक व जावक जाणून राहण्याचा उपदेश केला, आणि त्यासाठी तराजू धरणाऱ्या सोनाराचा दाखला दिला. पारडे किती झुकले हे सोनाराला कळते, तसे गृहस्थाला आपल्या जमाखर्चाचे कळले पाहिजे. लेखापाल हा समाजाचा तराजू धरणारा माणूस आहे. तो खोट्या ताळेबंदावर सही करील तर चौथे शील मोडेल, आणि त्याची शिक्षा हजारो घरांना भोगावी लागेल. ह्याच शहरातील रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ साली निर्बंध घातले आणि २०२२ साली तिचा परवाना रद्द केला. मधली कित्येक वर्षे ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी हेलपाटे घालीत होते. बँकेचे आकडे बिघडले की पहिली चूल गरिबाची विझते. म्हणून ही विद्या केवळ पोट भरण्याची विद्या नाही.

ती सुरुवात आपल्या घरातून होऊ द्या. विहाराची वर्गणी, जयंतीची वर्गणी, वसतिगृहाची देणगी ह्यांचे हिशेब किती ठिकाणी वेळेवर लिहिले जातात? सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्याने हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. तरी वहीऐवजी खिशातील चिठ्ठीवर काम भागते. माझी सूचना अशी आहे की प्रत्येक विहाराने आपली रोजकीर्द वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावी आणि दर पौर्णिमेला जमाखर्च फलकावर लावावा. मुलाला अनुभव मिळेल, संस्थेला विश्वास मिळेल, आणि हिशेब विचारणे म्हणजे अपमान करणे नव्हे ही शिस्त आपल्या अंगी बाणेल.

आज घरी गेल्यावर आपल्या दहावी-बारावीच्या मुलामुलीला जवळ बसवा. गेल्या महिन्याचा घरखर्च तिच्यापुढे ठेवा आणि जमा व नावे अशा दोन बाजू आखून मांडायला सांगा. तिला त्यात गोडी वाटली, आकडे जुळेपर्यंत ती उठली नाही, तर समजा की ह्या मार्गाला लागणारा गुण तिच्यात आहे. मग पाच-सहा वर्षे तिच्या पाठीशी उभे राहण्याचे काम आपले.

जय भीम.